गाडीला सायकल रॅक घेताना: आधी वजनकाटा, मग दुकान

दोन सायकलींपर्यंत बहुतेक कुठलाही बरा रॅक निभावून नेतो. तिसरी चढली की हिशेब बदलतो, आणि चौथीला तर रॅकच्या आधी गाडीच हात टेकते. खोक्यावर 'चार सायकलींचा रॅक' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ चार जागा आहेत, एवढाच. तुमच्या चार सायकली तुमच्या गाडीवर तो नेईल का, हे खोकं सांगत नाही. ते आपणच काढायचं असतं.

त्यासाठी क्रम पाळा: आधी सायकली, मग गाडी, मग रॅकचा प्रकार आणि सगळ्यात शेवटी मॉडेल. उलटं केलं की रॅक घरी येतो, सुंदर दिसतो, आणि तिसऱ्या सायकलीचं हँडल डिकीच्या काचेला टेकतं.

हाताशी एवढं असू द्या:

- बाथरूममधला साधा वजनकाटा
- तीन मीटरची टेप
- गाडीचं मॅन्युअल (टपावरचा भार आणि टोइंग, ही दोन प्रकरणं)
- हिच किंवा टो-बार (ट्रेलर किंवा रॅक जोडायची गाडीच्या मागची जोडणी; हिचला चौकोनी नळी असते, टो-बारला धातूचा गोळा) असेल तर त्यावरच्या धातूच्या पट्टीचा किंवा स्टिकरचा स्पष्ट फोटो
- प्रत्येक सायकलीसाठी एक ओळ: वजन, टायरची रुंदी, दोन चाकांमधलं अंतर, फ्रेमचा आकार, मडगार्ड आहे की नाही

१. सायकलींचं वजन अंदाजाने धरू नका

काट्यावर आधी एकटे उभे राहा, मग सायकल उचलून उभे राहा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे सायकलीचं वजन. रोड सायकल साधारण ७ ते १० किलो भरते, माउंटन बाइक १२ ते १६, बॅटरीवाली २० ते २८. सगळ्यात जास्त फसवते ती साधी शहरात फिरवायची सायकल. स्टँड, कॅरियर, बास्केट, कुलूप असं सगळं धरून ती सहज १६ ते २० किलोंवर जाते, आणि यादीत मात्र लोक तिच्यापुढे 'दहा-बारा' लिहून मोकळे होतात.

टायरची रुंदीही मोजा. रोड सायकलीचा टायर २३ ते ३२ मिलिमीटरचा, माउंटनचा दोन ते अडीच इंचांचा आणि फॅट बाइकचा चार-पाच इंचांचा. चाक ज्या पन्हळीत बसतं ती पन्हळ आणि चाक बांधायचा पट्टा दोन्ही त्या मापाला पुरले पाहिजेत. बऱ्याचदा चाक नीट बसतं, पण पट्ट्याचं टोक बकलपर्यंत पोचत नाही. रुंद टायरसाठी लांब पट्टे वेगळे मिळतात का, ते आधीच विचारा.

दोन चाकांमधलं अंतर आसापासून आसापर्यंत घ्यायचं. मोठ्या मापाच्या माउंटन बाइकमध्ये ते १,२०० मिलिमीटरच्या वर जातं, आणि अनेक रॅकची मर्यादा १,३०० च्या आसपास असते. लहान मुलांच्या सायकलींचं दुखणं नेमकं उलटं: मागचं चाक पट्ट्याच्या जागेपर्यंत पोचतच नाही. घरात २० इंची सायकल असेल तर रॅकच्या पुस्तिकेत कमाल मापाबरोबर किमान मापही बघा.

२. गाडीचा आकडा शोधा. तो शोरूमच्या माणसाकडून नाही, मॅन्युअलमधून

टपावर नेणार असाल तर 'रूफ लोड'ची मर्यादा बघा. पुष्कळ गाड्यांना ती ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असते, काहींना जास्त. यात टपावर बसवायच्या आडव्या दांड्या आणि त्यांवरचे सायकलीचे ट्रे धरलेले असतात, हे विसरायचं नाही. समजा मर्यादा ७५ किलो आहे. दांड्यांचे ६ किलो गेले, चार-चार किलोंचे चार ट्रे म्हणजे १६ गेले. उरले ५३. म्हणजे एका सायकलीच्या वाट्याला जेमतेम १३ किलो. शिवाय दांड्यांची स्वतःची वेगळी मर्यादा असते आणि ट्रेचीही असते. या तिन्हींत जो आकडा सर्वांत लहान, तोच तुमचा. आणि एवढं करूनही टपाच्या रुंदीत चार हँडलं बसवताना नाकी नऊ येतात. व्यवहारात तीन हीच टपाची खरी संख्या धरा.

मागे हिचवर लावणार असाल तर खाली दाबणाऱ्या वजनाची मर्यादा पाहा. गोळ्याच्या टो-बारवरच्या पट्टीवर ती 'एस' या अक्षरापुढे किलोत असते; चौकोनी नळीच्या हिचवर 'टंग वेट' म्हणून दिलेली असते. इथे एक सापळा आहे. गाडी १,५०० किलोंचा ट्रेलर ओढते असं वाचून माणूस निर्धास्त होतो. ओढायचं वजन वेगळं आणि गोळ्यावर उभं बसणारं वजन वेगळं. दुसरा आकडा अनेक गाड्यांना ७५ किलोंच्या आसपास असतो.

आता बेरीज करा. चार जागांचा प्लॅटफॉर्म रॅक (ज्यावर सायकली चाकांवर उभ्या राहतात) २४ किलोंचा आणि १४ किलोंच्या चार माउंटन बाइक, म्हणजे ५६. एकूण ८०. पाच किलो जास्त. 'पाच किलोनं काय होतंय' असं इथे हमखास म्हटलं जातं. होतं असं, की ते वजन गोळ्यावर बसत नाही, गोळ्याच्या मागे लटकतं, आणि प्रत्येक खड्ड्यात त्याचा हिसका बसतो. मर्यादा ही खड्ड्यांचा हिशेब धरून ठरवलेली असते. तिच्यात ढील शोधायची नसते. बॅटऱ्या, बास्केटं, कुलपं काढून ते पाच किलो खाली आणा, किंवा एक सायकल आत घाला.

वजन कुठे आहे यानेही फरक पडतो, आणि तो दिसतो त्यापेक्षा फार मोठा असतो. समजा रॅकवरच्या चार जागा हिचपासून ३५, ५५, ७५ आणि ९५ सेंटिमीटरवर आहेत. २५ किलोंची बॅटरीवाली सायकल शेवटच्या जागेवर आणि १० किलोंची रोड सायकल पहिल्या जागेवर ठेवली, तर दोघींचा मिळून पीळ (वजन गुणिले अंतर) २,३७५ अधिक ३५०, म्हणजे २,७२५ किलो-सेंटिमीटर. दोघींची अदलाबदल केली की ८७५ अधिक ९५०, म्हणजे १,८२५. वजन तेच, रॅक तोच, हिचवरचा पीळ मात्र एक तृतीयांशाने कमी.

याच कारणासाठी हिचची नळी लांब करणारे तुकडे टाळा. ते लावले की रॅक आणखी मागे जातो आणि क्षमता निम्म्यावर येऊ शकते. सव्वा इंची नळीला दोन इंची रॅक बसवणारे अडॅप्टरही याच माळेतले: ते नळीची ताकद वाढवत नाहीत, फक्त एक ढिला सांधा वाढवतात.

ट्रेलरच्या किंवा कॅरॅव्हॅनच्या मागे रॅक लावायचा विचार असेल तर पुस्तिकेत तशी स्पष्ट परवानगी आहे का ते बघा. बहुतेक साध्या रॅकना ती नसते. ट्रेलरचं मागचं टोक गाडीपेक्षा कितीतरी जास्त वरखाली उडतं, आणि ज्या रॅकने गाडीवर वर्षानुवर्षं साथ दिली तो तिथे वेल्डमध्ये तडकतो.

३. प्रकार ठरवा

पट्ट्यांनी डिकीला बांधायचा रॅक: स्वस्त, घडी घालून ठेवता येतो, दोन हलक्या सायकलींना ठीक. तीनला नाइलाज म्हणून. चारला नाही. याचे हुक पत्र्याच्या कडेला अडकतात, त्यामुळे काचेची कड किंवा प्लास्टिकचा स्पॉइलर मध्ये आला की काम संपलं. गाडीवर टेकणाऱ्या रॅकच्या गादीखाली धूळ राहिली तर ती सँडपेपरसारखी रंग घासते. बांधण्याआधी ती जागा ओल्या फडक्याने पुसा. हा लावलेला असताना डिकी उघडायची नाही.

स्टेपनीवर बसणारा: मागच्या दारावर उघडी स्टेपनी असलेल्या गाड्यांसाठी. इथे बिजागऱ्या आणि स्टेपनीचे बोल्ट सगळा भार घेतात. दोनच्या पुढे जाऊ नका.

टपावरचा: डिकी मोकळी राहते, नंबरप्लेट दिसते, मागे गाडी घेताना अडचण नाही. पण २५ किलोंची सायकल खांद्याच्या वर उचलायची आहे, तीही रंगाला ओरखडा न पाडता. शिवाय उंची. दीड मीटरची गाडी सायकलींसकट अडीच मीटरच्या पुढे जाते, तळघरातल्या पार्किंगला मात्र कमान दोन-सव्वादोन मीटरची असते. सायकली चढवल्यावर प्रत्यक्ष उंची मोजा आणि आकडा लिहून स्टीअरिंगजवळ चिकटवा. लक्षात राहील, असं प्रत्येकालाच वाटतं.

हिचवरचा लटकता: दोन हातांवर सायकलीची मधली दांडी टेकते. चार सायकली कमी जागेत बसतात, पण झोपाळ्यासारख्या हलतात आणि एकीचं पेडल दुसरीच्या आऱ्यांत जातं. दांडीला वरून दोन ठिकाणी पट्टा पुरत नाही. सीटच्या खालच्या नळीला धरणारा तिसरा पट्टा असलेलाच घ्या.

हिचवरचा प्लॅटफॉर्म: चाकं पन्हळीत, सायकल उभी, वजन खालून पेललेलं. तीन-चार वेगवेगळ्या आकारांच्या सायकली असतील तर पहिली पसंती हीच असावी. रॅक स्वतः जड असतो, हाच त्याचा मुख्य दोष.

उभ्या सायकलींचा: पुढचं चाक वर अडकवून सायकल लटकते, चार ते सहा मावतात. एकसारख्या माउंटन बाइकच्या टोळीला हा उत्तम. रोड सायकल, मडगार्ड आणि लहान मुलांची सायकल आली की अडतं: छोट्या सायकलीचं मागचं चाक खालच्या आधारापर्यंत येत नाही. रॅकचं वजन ३० किलोंच्या वर जाऊ शकतं, आणि चढणीच्या तोंडाशी मागची चाकं रस्त्याला घासतात का तेही बघावं लागतं.

४. मजबुती हाताने तपासा

जाड नळी बघून खूश होऊ नका. रॅक नळीत क्वचित मोडतो. मोडतो तो सांध्यात, बिजागरीत आणि प्लास्टिकच्या बकलमध्ये. रॅक बसवून घ्या आणि गाडीपासून सगळ्यात लांबचं टोक दोन्ही हातांनी धरून आधी वर-खाली, मग आडवं हलवा. गाडी स्प्रिंगवर डोलली पाहिजे आणि रॅक तिच्याबरोबर डोलला पाहिजे. गाडी स्थिर आणि रॅक एकटाच खडखडत असेल तर खेळ कुठल्या सांध्यात आहे ते बोट लावून शोधा. दोन धातूंच्या फटीवर बोटाचं टोक ठेवलं की हालचाल डोळ्याआधी बोटाला कळते.

चौकोनी नळीच्या हिचमध्ये थोडा खेळ असतोच. तो मारायला आतून दाबणारा पाचर-बोल्ट किंवा मळसूत्री पिन लागते. नुसती आरपार पिन रॅकला पडू देत नाही, पण हलायला मोकळीक ठेवते. पिनचं माप दोन इंची नळीला पाच अष्टमांश इंच, सव्वा इंचीला अर्धा इंच. बारीक पिन जाते म्हणून चालवू नका.

गोळ्यावरचा रॅक घर्षणाने धरतो, त्यामुळे गोळा ५० मिलिमीटरचा, कोरडा आणि स्वच्छ हवा. त्याच गोळ्यावर ट्रेलर ओढत असाल तर ग्रीस लागलेलं असणारच. ते सॉल्व्हंटने पूर्ण पुसल्याशिवाय रॅक बसवू नका, नाहीतर वळणावर सगळा रॅक एका बाजूला कलतो. गोळा स्टीलचाच हवा अशी अट पुष्कळ पुस्तिकांत असते, तीही बघा.

स्टीलचा रॅक जड पण दणकट, गंज मात्र वेल्डच्या कडेपासून सुरू होतो. ॲल्युमिनियमचा हलका, आणि जिथे गोळ्यावरची मर्यादा कमी आहे तिथे वाचलेले पाच-सहा किलो सोन्याचे. टपाच्या रॅकवर आयएसओ १११५४ हे मानक पाळल्याचा उल्लेख आहे का बघा. आणि एक प्रश्न दुकानात जरूर विचारा: बकल, पट्टे, किल्ली आणि टोप्या सुट्या मिळतात का? उन्हाने आधी हेच जातात. सुटे भाग नसतील तर चांगला लोखंडी सांगाडा एका पट्ट्यापायी भंगारात निघतो.

५. सायकल कुठे धरली जाते

फ्रेमला चिमटा लावणारे रॅक सर्वांत घट्ट धरतात, पण कार्बनच्या फ्रेमला ते लावायचे नाहीत. कार्बनची नळी सायकल चालवतानाचा भार उत्तम पेलते, मात्र तिची भिंत पातळ असते आणि एका जागी चिमटलं की ती आतून तडकते. बाहेरून रंग शाबूत दिसतो. कार्बन असेल तर पुढचं चाक वरून हुकने दाबणारा किंवा दोन्ही चाकांना धरणारा रॅक घ्या. हुकवाल्यात मडगार्ड आडवं येतं; हुक टायरवर बसतो की मडगार्डवर, हे सायकल चढवूनच कळतं.

मधली दांडी नसलेल्या किंवा फार उतरत्या फ्रेमला लटकत्या रॅकवर खोटी दांडी लागते, जी हँडलच्या बुंध्यापासून सीटच्या खांबापर्यंत बसते. बॅटरीवाल्या जड सायकलीला ती वापरू नका. सगळं वजन हँडलच्या बुंध्यावर आणि सीटच्या खांबावर येतं.

पुढचं चाक काढून फोर्क (ते चाक धरणारा दुपाखी भाग) अडकवणारे ट्रे टपावर फार स्थिर असतात. त्यासाठी फोर्कचा प्रकार जुळला पाहिजे: ९ मिलिमीटरचा क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा आस) की १२, १५ किंवा २० मिलिमीटरचा थ्रू-ॲक्सल (आरपार जाणारा जाड आस), आणि रुंदी १०० की ११० मिलिमीटर. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्याबरोबर ब्रेकच्या पॅडच्या फटीत स्पेसर (फट राखणारा तुकडा) घाला. कोणी चुकून लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात, पॅड चिकटतात आणि उतरल्यावर चाक आत जात नाही.

६. दिवे, नंबरप्लेट, सायलेन्सर, डिकी

मागच्या रॅकने दिवे किंवा नंबरप्लेट झाकली जात असेल तर दिव्यांची पट्टी आणि जादा प्लेट लागते. नियम जिथे गाडी चालवणार तिथले बघा, वाटेतल्या सीमांपलीकडचेही. दिव्यांच्या पट्टीचा प्लग ४, ७ की १३ पिनांचा, ते घेण्याआधी मोजा.

सायलेन्सरच्या तोंडासमोर टायर किंवा रिम येऊ देऊ नका. लांबच्या प्रवासात गरम वायूने टायर मऊ होऊन फुटतो, कार्बनची रिम तर वाकडीच होते.

बटणाने किंवा पायाच्या इशाऱ्याने उघडणारी डिकी असेल तर ती सोय बंद करा. मागचा वायपरही. झुकणारा रॅक घेतलात तर सायकली चढवून झुकवून बघा. रिकामा रॅक झुकल्यावर डिकी उघडते, चार सायकलींसकट हँडल आडवं येतं. आणि भरलेला रॅक झुकवताना साठेक किलो हातावर येतात, एकट्याने नको.

७. चढवायचा क्रम

1. बाटल्या, पंप, दिवे, बास्केट, लहान मुलाची सीट आणि बॅटरी काढून गाडीत ठेवा. बॅटरी एकटीच अडीच ते चार किलोंची असते. तिच्या जागी उघड्या राहिलेल्या पिनांवर झाकण लावा.
2. सगळ्यात जड सायकल गाडीलगत, हलकी शेवटी.
3. एकीचं तोंड डावीकडे, पुढचीचं उजवीकडे. मग हँडल शेजारणीच्या सीटखाली जातं. तरीही अडलं तर सीट खाली करा. काढताना आठवावी म्हणून खांबावर आधी टेपची खूण करा.
4. जवळची पेडलं पुढे-मागे करून आऱ्यांपासून दूर ठेवा. जिथे धातूला धातू लागतो तिथे फोमची नळी चिरून बसवा. कापड चालत नाही, ते सरकतं.
5. आधी फ्रेमचा किंवा चाकाचा मुख्य हुक, मग चाकांचे पट्टे. पुढचं चाक वळू नये म्हणून ते खालच्या नळीला एका पट्ट्याने बांधा.
6. पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून खोचा. वाऱ्यात फडफडून ती रंग झिजवतात.
7. शेवटी सगळ्यांमधून एक जादा पट्टा रॅकच्या मुख्य खांबाला. एक बकल सुटलं तरी सायकल रस्त्यावर जाणार नाही.

कुलूप लावा, पण कुलपाला आधार समजू नका. ते चोरासाठी आहे, खड्ड्यांसाठी नाही.

८. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर

पाच-दहा किलोमीटरवर थांबा आणि प्रत्येक पट्टा पुन्हा ओढा. गाद्या दबलेल्या असतात, टायर पन्हळीत खाली बसलेले असतात, आणि नायलॉनचा पट्टा भिजला की सैल पडतो. पहिल्यांदा अर्धा-एक इंच ढील निघणं नेहमीचंच. दुसऱ्या थांब्यालाही तेवढीच निघाली तर बकल घसरतंय, ते बदला. पुढे दर दोन तासांनी, आणि खराब रस्ता संपल्यावर लगेच, एक फेरी मारा.

अनेक रॅकच्या पुस्तिकेत ताशी १३० किलोमीटर ही कमाल मर्यादा असते. भरलेल्या रॅकने तिच्या बरंच खाली राहा. गाडीच्या मागच्या टायरमध्ये पूर्ण भारासाठी सांगितलेली हवा भरा. मागे जास्त वजन आलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग पातळ लागतं आणि रात्री दिव्यांचा झोत वर चढतो. तो खाली करायची चकती अनेक गाड्यांत असते.

नवीन रॅकचे बोल्ट पहिल्या प्रवासानंतर पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळायच्या जोराने) एकदा पुन्हा आवळा, बिजागरीचे आणि टपाच्या पायांचे आधी. हंगाम संपला की रॅक उतरवून ठेवा. महिनोन्महिने हिचमध्ये तसाच राहिला की नळी आणि पिन गंजाने एकजीव होतात, आणि मग तो काढायला हातोडा लागतो. बसवताना नळीत जराशी अँटी-सीझ पेस्ट लावली तर ती वेळ येत नाही. गोळ्याच्या रॅकला मात्र ही पेस्ट चुकूनही नको.